पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत किती वाटा?

डीटीपीच्या दुकानात ग्रेडियंटला कुणी ग्रेडियंट म्हणत नाही. ‘शेड मारा’ म्हणतात. लग्नाची पत्रिका असो, जलशाचं पोस्टर असो, नाहीतर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असो, मागे एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारी शेड हवीच. फोटोशॉपमध्ये ती मारायला दोन रंग निवडायचे, माउसने एक रेघ ओढायची आणि मधले सगळे रंग सॉफ्टवेअर भरून देतं. सरळ रेषेत, वर्तुळात, कोनात, आरशासारखी दोन्ही बाजूंना किंवा हिऱ्याच्या आकारात, असे पाच प्रकार. शिकायला दहा मिनिटंही लागत नाहीत. म्हणूनच बहुधा कुणी विचारत नाही, की ‘मधले रंग’ म्हणजे नेमके कोणते? दोन रंगांच्या मध्ये काय असतं, हे ठरवतं कोण?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. रंगशास्त्र हा माझा विषय नाही. पण हा प्रश्न आपल्या बुजुर्गांनी हजार वर्षांपूर्वी विचारला होता, हे वाचनात आलं आणि मग तो डोक्यातून जाईना.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं होतं, की सगळे रंग पांढरा आणि काळा यांच्या कमीअधिक मिश्रणातून होतात. म्हणजे एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा आणि बाकी सगळे रंग एकाच दोरीवर ओळीने वाळत घातलेले. पिवळा पांढऱ्याच्या जवळ, निळा काळ्याच्या जवळ. शतकानुशतकं ही मांडणी चालली. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी ‘अश्-शिफा’ या ग्रंथाच्या नफ्स म्हणजे आत्म्यावरच्या भागात तिच्यावर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. मिश्रण फक्त पांढऱ्या-काळ्याचं असेल तर पांढऱ्याकडून काळ्याकडे जायची वाट एकच असायला हवी, ती म्हणजे राखाडी. पण डोळ्यांना तसं दिसत नाही. एक वाट राखाडीतून जाते, दुसरी लालातून, तिसरी हिरव्यातून पुढे निळीकडे. तिन्ही पांढऱ्यापासून निघतात, तिन्ही काळ्यात बुडतात, पण वाटेत एकमेकींना भेटत नाहीत. मग पांढऱ्या-काळ्याखेरीज आणखी काहीतरी असलंच पाहिजे.

इब्न सीना यांना आपण ‘हकीम’ म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकात आले तर एका ओळीत येतात, वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला म्हणून. रंगांबद्दलचा त्यांचा हा विचार बीएडला आम्हाला कुणी सांगितला नाही आणि मदरशातही कुणी सांगत असेल असं वाटत नाही.

सव्वादोनशे वर्षांनी नसीरुद्दीन तूसी (१२०१ ते १२७४) यांनी वाटांची संख्या पाचवर नेली: पिवळ्यातून, लालातून, हिरव्यातून, निळ्यातून आणि राखाडीतून. हे तूसी म्हणजे मराग्याच्या वेधशाळेचे तूसी. १२५८ मध्ये बगदाद जाळणाऱ्या हलाकूच्या पदरी राहून पुढच्याच वर्षी त्याच्याच पैशाने त्यांनी वेधशाळा उभी करायला घेतली. त्यावरून त्यांना नावं ठेवणारे आजही आहेत. तो विषय वेगळा. रंगांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण प्रत्येक वाटेवरचे मुक्काम त्यांनी रोजच्या वस्तूंच्या नावाने सांगितले. निळ्या वाटेवर फिरोजा, मग लाजवर्द, मग नीळ, मग सुरमा आणि शेवटी काळोख. जवाहिऱ्याकडचे दोन खडे, रंगाऱ्याकडचं पिंप आणि डोळ्यात घालायची सुरमेदाणी.

फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट एडिटर उघडला की खाली एक पट्टी दिसते आणि पट्टीखाली छोटे छोटे खुंट. प्रत्येक खुंटाला एक रंग द्यायचा, त्याला स्टॉप म्हणतात. दोनच खुंट असले तर सॉफ्टवेअर सरळ वाटेने जातं. मध्ये फिरोजी, लाजवर्दी असे आणखी खुंट ठोकले की वाट वळते. तूसींनी जे शब्दांत केलं ते हेच आहे, असं मला वाटतं.

‘वाटतं’ हा शब्द मुद्दाम वापरतेय. कारण हे वाचून कुणीतरी ‘फोटोशॉपचा शोध मुसलमानांनी लावला’ असा व्हॉट्सॲप संदेश तयार करील आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तो माझ्याच फोनवर परत येईल, ही भीती खरी आहे. तूसींनी सॉफ्टवेअर बनवलं नाही. त्यांच्या पाच वाटांवरून कुणी सॉफ्टवेअर बनवल्याचा धागाही माझ्या वाचनात नाही. रंगांची आजची गणितं न्यूटनच्या १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मधल्या वर्तुळापासून आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रयोगांपासून निघाली आहेत. तूसींचं मोठेपण कुणाच्या आधी असण्यात नाही. त्यांनी प्रश्न नीट विचारला, यात आहे. आपल्याकडे ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ म्हणण्याचा आजार सगळ्याच समाजांत आहे, आपला अपवाद कशाला?

आता एक वेगळी गोष्ट, तरी याच विषयातली. रंग हळूहळू बदलत असेल तर रेघ कुठे मारायची, हा प्रश्न आपल्या घरात रोज संध्याकाळी येतो. मगरिबची वेळ संपून ईशाची कधी लागते? शफक मावळली की. आणि शफक म्हणजे काय? इमाम शाफईंच्या मते सूर्यास्तानंतरची लाली. इमाम अबू हनीफांच्या मते लाली गेल्यावर आभाळाच्या कडेला उरतो तो पांढुरकेपणा. गंमत म्हणजे त्यांचेच दोन मोठे शागिर्द, इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद, या बाबतीत उस्तादाला सोडून लालीच्या बाजूने गेले. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई, देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. माझ्या ओळखीच्या एका घरात सून रत्नागिरीकडची आणि सासर देशावरचं आहे. तिथे ईशाच्या वेळेवरून सासू-सुनेची प्रेमळ कुरबूर चालते, ती मुळात आभाळातल्या ग्रेडियंटवरून आहे, हे त्या दोघींना कुणी सांगितलेलं नाही.

सकाळचं तर आणखी बारीक. सुबह-ए-काज़िब, म्हणजे खोटी पहाट, वरच्या दिशेला उभी फाकते आणि विरून जाते. सुबह-ए-सादिक क्षितिजावर आडवी पसरत जाते. रोजा कुठल्या क्षणी सुरू होतो, हे या दोन उजेडांमधला फरक ओळखण्यावर अवलंबून. मध्ययुगातल्या मुस्लिम खगोलज्ञांनी या संधिप्रकाशाला अंशांत मोजलं. सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८ अंश असतो तेव्हाची वेळ त्यांनी काढली. आज भिंतीवरच्या वेळापत्रकात मिनिटं छापून येतात म्हणून आपण आभाळ बघत नाही. फकीहांना मात्र बघावं लागलं. जिथे कडा नाही तिथे अमलासाठी कडा ठरवावी लागते आणि ठरवताना मतभेद होतात, हे त्यांना मान्य होतं. दोन्ही मतं किताबांत शेजारी शेजारी लिहून ठेवलेली आहेत.

कागदावरच्या रंगाकडे येऊ. इराणी लघुचित्रांत रंग सपाट असे, स्वच्छ, एकाला एक लागून. मुघल दरबारात त्याला गोलाई आली. १५८० मध्ये जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला आले, त्यांनी अकबराला अँटवर्पमध्ये छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. त्यात तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं होती. त्यात काळ्या रेघांच्या जाळीतून उजेड-सावली काढलेली होती. दरबारच्या चित्रकारांनी हे पाहिलं आणि आपल्या पद्धतीने केलं. याला नक्कल म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. कारण त्यांच्या हातात आधीच एक गोष्ट होती: परदाज. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, टोकाला जेमतेम एखादा केस पुढे आलेला, आणि त्याने दिलेले बारीक ठिपके आणि टिचक्या. गालावरची सावली म्हणजे रंग पसरवून केलेली सावली नव्हे, तर शेकडो ठिपके कुठे दाट, कुठे विरळ. जहांगीरच्या काळातले उस्ताद मन्सूर, ज्यांना बादशहाने ‘नादिर-उल-असर’ हा किताब दिला, त्यांच्या पक्ष्यांच्या पिसांकडे भिंगातून पाहिलं तर एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला हे सापडत नाही. मिसळलेलाच नसतो. मिसळतो तो आपल्या डोळ्यात.

आता अमेरिकेत, १९८७. मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता, विषय संगणकाने प्रतिमा वाचण्याचा. त्याच्याकडे ॲपलचा मॅक प्लस होता आणि त्याच्या पडद्यावर प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. राखाडी नावाची चीजच नाही. फोटो दाखवायचा कसा? त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. काळे-पांढरे ठिपके दाट-विरळ मांडून राखाडी छटांचा भास निर्माण करणारा. त्याला नाव दिलं ‘डिस्प्ले’. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या कंपनीत होता, त्याला यात काहीतरी दिसलं. दोघांनी तो वाढवला, ॲडोबीने घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरच्या नावाचं आज क्रियापद झालं आहे, त्याची सुरुवात परदाजच्याच अडचणीतून झाली: हातात दोनच रंग, आणि हवी मधली छटा.

ही अडचण पुढेही गेली नाही. नेहमीच्या आठ बिटच्या फाइलमध्ये एका रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची शेड दहा फुटी फ्लेक्सवर ताणली तर एक पायरी जवळजवळ १२ मिलिमीटर रुंद होते. आणि फिक्या निळ्यापासून जरा गडद निळ्यापर्यंत, म्हणजे समजा ५० पायऱ्यांचाच फरक असेल, तर एकेक पट्टा सहा सेंटिमीटरचा. मग रस्त्यावरून सुद्धा पट्टे दिसतात. त्यात आपला डोळा आगाऊ. दोन छटा जिथे भेटतात तिथली कडा तो आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हे लिहून ठेवलं आणि त्या पट्ट्यांना त्यांचं नाव मिळालं. उपाय काय? ग्रेडियंट टूलच्या वरच्या पट्टीत डिदर नावाचा चौकोन आहे, त्यावर टिचकी मारायची. किंवा शेडवर थोडा नॉइज टाकायचा. म्हणजे काय करायचं? ठिपके विखरायचे. खारीच्या शेपटीचे केस नाहीत, एवढंच.

मधल्या काळात छापखान्याने हेच काम शाईने केलं. जपानी ठशांमध्ये लाकडावरचा ओला रंग कुंचल्याने एका बाजूला विरवत नेत, त्याला बोकाशी म्हणतात. हिरोशिगेच्या चित्रांतलं गडद होत जाणारं आभाळ ते हेच. आपल्याकडे राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढली, ती पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड आणि दगडावर पुन्हा ठिपके. नंतर ऑफसेट आलं, आणि मशिनच्या शाईच्या भांड्यात एका टोकाला पिवळी, दुसऱ्या टोकाला लाल शाई घालून रुळांवर त्या मिसळू द्यायची युक्ती आली. त्या भांड्याला इंग्रजीत फाउंटन म्हणतात. १९८९ मध्ये आलेल्या कोरल ड्रॉमध्ये शेडचं नाव आजही फाउंटन फिल आहे. उर्दू डीटीपीवाल्यांना ते चांगलं माहीत. १९९४ पासून मजकूर इनपेजमध्ये बसवायचा, तो उचलून कोरलमध्ये आणायचा आणि नस्तालीक अक्षरांत शेड भरायची, असे लाखो मथळे छापून गेले असतील. कातिबांच्या हातची सफाई त्यांत नसते, पण रोजी चालली.

हे सगळं माझ्या डोक्यात एका मुलीच्या प्रश्नामुळे एकत्र आलं. आठवीच्या मुलींना संगणक कक्षात भित्तिपत्रक करायला दिलं होतं. एकीने लालातून हिरव्यात शेड मारली आणि म्हणाली, ‘‘मिस, बीच में ये मट्टी कहाँ से आई?’’ खरोखर मध्ये चिखलासारखा पट्टा होता. दुसरीने निळा-पिवळा घेतला. तिला मध्ये हिरवा हवा होता, आला राखाडी.

मिसने घरी जाऊन शोधलं. पडद्यावरचा लाल म्हणजे लाल २५५, हिरवा शून्य, निळा शून्य. हिरवा म्हणजे त्याच्या उलट. सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी काढतं: लाल १२८, हिरवा १२८, निळा शून्य. हा आकडा म्हणजे काळपट ऑलिव्ह. निळा-पिवळ्याचं तर सगळेच आकडे १२८, म्हणजे शुद्ध राखाडी. रंगांच्या ठोकळ्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ बोगदा खणला तर तो ठोकळ्याच्या पोटातून जातो, आणि पोटात राखाडीच आहे. तूसींच्या पाच वाटांपैकी यंत्राने पाचवी धरली, कारण ती सर्वांत जवळची होती.

यात आणखी एक मेख आहे. फाइलमधले आकडे प्रकाशाचं थेट माप नसतात, ते डोळ्याच्या सोयीने दाबून ठेवलेले असतात. निम्मा लाल उजेड आणि निम्मा हिरवा उजेड खरोखर एकत्र केला तर तो आकड्यांत १८८, १८८ च्या आसपास येतो, १२८ नाही. म्हणून तो पट्टा नुसता मळकट नव्हे, काळवंडलेलाही दिसतो. बरं, मग नेहमी उजेडाच्याच हिशेबाने सरासरी काढावी का? तर काळ्या-पांढऱ्याच्या शेडमध्ये ते उलट खटकतं, मधला राखाडी फार फिका वाटतो. एक नियम सगळ्यांना पुरत नाही. शेवटी फोटोशॉपच्या २०२२ च्या आवृत्तीत तीन पर्याय आले: जुना हिशेब, उजेडाचा हिशेब आणि डोळ्याचा हिशेब. यातला डोळ्याचा हिशेब ब्योर्न ओटोसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब या पद्धतीवर चालतो. त्यात छटेचा उजळपणा माणसाला जसा जाणवतो तशा पायऱ्या आखलेल्या आहेत. म्हणजे फोटोशॉप आलं १९९० ला आणि दोन रंगांच्या मध्ये काय असावं याचं बरं उत्तर त्यात यायला तीस वर्षं लागली. त्यालाही शेवटचं म्हणता येणार नाही.

नंतरच्या तासाला मी फळ्यावर तूसींची निळी वाट लिहिली आणि मुलींना ती पट्टीवर बसवायला सांगितलं. अडचण संगणकाची आलीच नाही. अडचण आली शब्दांची. फिरोजी म्हणजे कोणता? पंचवीस मुलींपैकी चौघींनी हात वर केला, त्यातल्या एकीच्या मामूच्या अंगठीत खडा होता. लाजवर्दी कुणालाच माहीत नव्हता. या मुलींच्या नान्या-दाद्यांना उन्नाबी, कासनी, पिस्तई, मोतिया, सुरमई असे रंग कापडाच्या दुकानात तोंडाने मागता येत होते. मराठीत तेच: चिंतामणी, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, अबोली. आज ‘डार्क ब्लू’ आणि ‘लाइट ब्लू’वर भागतं. एकाच भाषेत रंगांचं दारिद्र्य आलं असतं तर निदान दुसरीकडून उसनं घेता आलं असतं. दोन्हीकडे एकदमच दुष्काळ पडला. त्यात बाहेरच्या जगाने मुलींच्या डोक्यात एवढंच पक्कं केलंय की हिरवा आपला आणि भगवा त्यांचा. याच मुलींच्या घरी जाफरानी जर्दा शिजतो आणि शेजारच्या काकू हिरव्या चुड्याशिवाय लेकीला सासरी पाठवत नाहीत.

फिरोजीसाठी आम्ही ६४, २२४, २०८ घेतला, लाजवर्दीसाठी ३८, ९७, १५६. निळीवर गाडी अडली. एका हुशार मुलीने इंटरनेटवरून ‘इंडिगो’चा तयार आकडा आणला, ७५, ०, १३०. तो भरला तर पट्टी एकदम जांभळी झाली. वेब पानांसाठी ठरवलेल्या यादीत इंडिगो या नावाखाली जो रंग आहे तो निळीच्या पिंपातला नाहीच. तूसींची नीळ, आपल्या पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ, चंपारणच्या मळ्यांतली नीळ, यांपैकी एकही त्या आकड्यात बसत नाही. मग दुसऱ्या दिवशी एकीने घरून निळीची बाटली आणली, वहीच्या कागदावर दोन थेंब टाकले, आणि ते वाळल्यावर कागद पडद्याला लावून आम्ही आकडे जुळवत बसलो. सुरम्याच्या खुंटावर तास संपला. काळा ठेवायचा की किंचित निळसर, यावर दोन गट पडले आहेत. सुरमेदाणी आणण्याचं काम मामूच्या अंगठीवालीकडे दिलंय.